जुनी स्की बोट घरी उभी करताना: काय बदललं, काय उरलं

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि मोटारबोट, यांचा संबंध काय? संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे. अमेरिकेत तळ्यांच्या आसपास राहणारी माणसं तीस-चाळीस वर्षांपूर्वीची स्की बोट स्वस्तात घेतात, घरच्या गॅरेजमध्ये आणून लावतात, आणि एक-दोन हिवाळे खपून ती पुन्हा पाण्यात घालण्याजोगी करतात. हे काम नेमकं होतं कसं, ते आपण आज टप्प्याटप्प्याने समजून घेऊ. ते समजून घेताना एक जुना प्रश्न आपोआप समोर येतो. इतकं सगळं बदलल्यावर ती तीच बोट राहते का? वर्गात हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. गॅरेजमध्ये मात्र त्याच्या उत्तरावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

आधी ही बोट काय चीज आहे ते पाहू. वॉटर स्कीइंगची सुरुवात १९२२ साली मिनेसोटा राज्यात झाली. मिसिसिपी नदीवर लेक पेपिन नावाचं एक विस्तीर्ण पाणी आहे, त्याच्या काठी लेक सिटी हे गाव. तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली, त्या पायाला बांधल्या, आणि भाऊ चालवत असलेल्या बोटीमागे दोरी धरून तो पाण्यावर उभा राहिला. पुढे फ्लोरिडात सायप्रस गार्डन्सच्या खेळांमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. मग खास त्यासाठीच्या बोटी आल्या. १९२५ साली सुरू झालेल्या करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक १९६१ पासून बाजारात आली. १९६८ साली टेनेसीत मास्टरक्राफ्ट सुरू झाली. आज घरोघरी दुरुस्त होणाऱ्या जुन्या स्की बोटींत ही दोन नावं वारंवार भेटतात.

या बोटीची रचना लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या मोटारबोटीत इंजिन मागच्या टोकाला असतं. इथे ते बोटीच्या साधारण मध्यावर, आतच बसवलेलं असतं, म्हणून हिला इनबोर्ड म्हणायचं. इंजिन बहुधा मोटारगाडीच्याच घराण्यातलं, आठ सिलिंडरचं, पाण्यावरच्या कामासाठी बदलून घेतलेलं. त्याच्या मागून एक सरळ दांडा, म्हणजे शाफ्ट, तिरका खाली जातो, तळातून बाहेर पडतो, आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. पंख्याच्या मागे सुकाणू. इंजिनच्या जवळच पुढच्या बाजूला एक लोखंडी खांब असतो, त्याला पायलॉन म्हणतात. स्कीवरच्या माणसाची दोरी त्या खांबाला बांधलेली असते.

खांब मध्यावर कशासाठी? स्पर्धेतला स्लॅलमचा मार्ग २५९ मीटरचा असतो, त्यात सहा बॉय वळसा घालून पार करायचे असतात. पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. एवढ्या वेगाने माणूस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झेपावतो, तेव्हा दोरीला जबरदस्त ओढ बसते. ती ओढ मागच्या टोकाला बसली तर बोटीचं ढुंगण प्रत्येक वेळी बाजूला खेचलं जाईल. मध्यावर बसली की बोट आपली रेघ सोडत नाही. आता विचार करा, खांबावरची ही ओढ जाते कुठे? आणि इंजिनचं वजन, त्याची थरथर, ती कुणाच्या अंगावर? उत्तर एकच आहे: स्ट्रिंगर.

स्ट्रिंगर म्हणजे बोटीच्या तळाशी लांबीच्या दिशेने बसवलेले वासे. बाहेरचं कवच फायबरग्लासचं. ते पातळ असतं, त्याला ताठपणा येतो तो या वाशांमुळे. जुन्या बोटींत हे वासे लाकडाचे आणि वरून फायबरग्लासने मढवलेले. मधल्या पोकळीत फोम ओतलेला, त्यावर फळ्यांची जमीन, आणि जमिनीवर गालिचा. म्हणजे बघा, बोटीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीन थरांखाली झाकलेली. १९९०च्या दशकात कारखान्यांनी लाकूड वगळायला सुरुवात केली, पण आपण बोलतोय त्या बोटी बहुतेक त्याआधीच्या.

लाकूड फायबरग्लासमध्ये बंद केलं की सुरक्षित राहील, असा हिशोब होता. हिशोब कागदावर बरोबर होता. पण इंजिन बसवायला त्या लाकडात जाड स्क्रू ठोकावे लागतात. खुर्च्यांना स्क्रू, जमिनीला स्क्रू, खांबाला बोल्ट. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला एक दार. पावसाचं पाणी, ओल्या अंगाने बोटीत चढणाऱ्या पोरांच्या कपड्यांतलं पाणी, हळूहळू आत उतरतं. फोम ते धरून ठेवतो. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. इथे तर लाकूड वर्षभर ओल्या स्पंजात गुंडाळलेलं. वीस वर्षांनी बाहेरचं मढवण जसंच्या तसं दिसतं, आणि आत काळा भुसा उरतो.

म्हणून जाणकार माणूस बोट पाहायला गेला की रंग पाहत नाही. तो गुडघ्यावर बसतो. प्लॅस्टिकच्या हातोडीने वाशांवर टकटक करत जातो. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं थप्प असा आवाज देतं. मग इंजिनच्या पायाचे स्क्रू पाना लावून हलकेच आवळून बघतो. स्क्रू आवळला न जाता नुसता गोल फिरत राहिला, तर त्याला धरायला आत काही नाही असं समजायचं. शंका उरलीच तर मालकाच्या परवानगीने एक बारीक भोक पाडतो आणि बाहेर आलेला भुसा बोटांत चोळून बघतो. फिकट, कोरडा असेल तर ठीक. काळा, ओलसर आणि कुबट वासाचा असेल तर आतलं लाकूड गेलं. कुणी बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेतात. मूळ वजनापेक्षा फारच जास्त भरली तर फोमने पाणी प्यायलंय.

ज्ञानमीमांसा शिकवताना आम्ही अनुमानाचं उदाहरण म्हणून डोंगरावरचा धूर सांगत आलो. हे त्याच्या शेजारी ठेवण्यासारखं उदाहरण आहे. जे दिसत नाही, ते जे ऐकू येतं त्यावरून जाणायचं. आणि न्यायशास्त्रात जशी हेत्वाभासाची धास्ती, तशी इथेही आहे. चकचकीत रंग हा भक्कमपणाचा हेतू होऊ शकत नाही. दोहोंत व्याप्तीच नाही.

समजा वासे कुजलेत. आता काम सुरू. इंजिन साखळीच्या क्रेनने उचलून बाहेर काढायचं, खुर्च्या काढायच्या, गालिचा फाडायचा, जमीन कापायची, ओला फोम फावड्याने उपसायचा. इथपर्यंत नुसती मेहनत आहे. खरी अक्कल लागते ती पुढे. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळे वासे एकदम कापून काढावेसे वाटतात. तसं करायचं नाही. वासे काढले की कवच सैल पडतं. ट्रेलरच्या दोन आडव्या टेकूंवर ते आपल्याच वजनाने किंचित वाकू शकतं. डोळ्याला कळणारही नाही असा बाक तळाला येतो, आणि त्यावर नवे वासे चिकटवले की तो बाक कायमचा. मग अशी बोट वेगात नाक आपटते, नाहीतर खाली दाबते, आणि इंजिन कितीही चांगलं केलं तरी ती वळणावर आणत नाही.

म्हणून आधी तळाला ठिकठिकाणी आधार द्यायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून, प्रत्येक वाशाची उंची आणि अंतर मोजून लिहून ठेवायचं. आणि मग एका वेळी एकच वासा काढायचा. त्याच्या जागी नवा बसला, घट्ट झाला, की पुढचा. जुना वासा कुजलेला का असेना, पण बोटीचा आकार त्याला माहीत असतो. तो आकार नव्याला शिकवून मगच त्याला निरोप द्यायचा.

आता थीसियसचं जहाज आठवा. प्लुटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढायची, नवी घालायची, असं करत करत. तत्त्वज्ञांत वाद पडला: जहाज तेच, की दुसरं? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर खरं कोणतं? वर्गात हा खेळ मोठा रंगतो. पण गॅरेजमधला माणूस एक गोष्ट सांगतो, जी पुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही. एकेक करून बदलणं ही तिथे केवळ कल्पनेची सोय नसते, गरज असते. सगळं एकदम काढलं तर बोट आपला आकार विसरते. म्हणजे तेच राहणं हे द्रव्यात नाही, क्रमात आहे. जुन्याने नव्याला धरून ठेवायचं, मग नव्याने उरलेल्या जुन्याला. संस्था, भाषा, कुटुंबं यांचंही काहीसं असंच असतं, पण तो मोह आज टाळू. आपण बोटीवरच राहू.

नवा वासा बसवताना दोन-तीन गोष्टी पाळायच्या. जुन्या फायबरग्लासवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून दुरुस्तीत बरेच जण इपॉक्सी वापरतात. मात्र नेहमीची चुरा-चटई इपॉक्सीबरोबर घ्यायची नाही, कारण तिच्यातला चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळावा अशा बेताने केलेला असतो. त्याऐवजी विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं. वासा आणि तळ यांच्या कोपऱ्यात घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरायची, कारण काटकोनात कापड नीट बसत नाही आणि ताण तिथेच साचतो. आणि स्क्रूची भोकं? ती मुद्दाम मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची, आणि सुकल्यावर त्या भरावात पुन्हा लहान भोक पाडायचं. मग स्क्रू लाकडाला शिवतच नाही. पाण्याचं दार बंद. फायबरग्लास घासताना चांगला रेस्पिरेटर लावायचा, नुसता रुमाल बांधून चालत नाही. ती काचेची धूळ आहे.

काही जण म्हणतात, फोमनेच घात केला, तर तो पुन्हा कशाला? हा मोह आवरावा. फोम जसा ताठपणासाठी, तसाच बोट पाण्याने भरली तरी ती बुडू नये यासाठी. अमेरिकेत १९७१ साली बोटसुरक्षेचा कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमांनुसार २० फुटांहून लहान बोटींना अशी तरंगण्याची सोय असावीच लागते. बोटीतल्या वस्तूने त्रास दिला म्हणून ती अनावश्यक ठरत नाही. ती कशासाठी होती ते आधी विचारावं.

आता इंजिन. ते मोटारीच्या घराण्यातलं आहे, म्हणून मोटारीच्या दुकानातले सुटे भाग स्वस्तात लावावेत असं वाटतं. इथे थांबा. मोटारीखालून हवा वाहते. बोटीत इंजिन एका बंद डब्यात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाच्या खळग्यात, ज्याला बिल्ज म्हणतात, तिथे साचून राहते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये किंवा अल्टरनेटरमध्ये उडालेली ठिणगी बाहेरच्या वाफेला भेटू शकते. बोटीसाठीचे भाग त्या ठिणगीला आत कोंडून ठेवतील असे बनवलेले असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, किंमत तेवढी वेगळी. कार्ब्युरेटरचंही तसंच, आणि त्याच्या डोक्यावर ज्वाळा अडवणारी जाळी हवीच. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून वाफ बाहेर काढायची, आणि तरीही झाकण उघडून वास घ्यायचा. शिवाय, इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणालाही बसू द्यायचं नाही. एग्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच जमतो, त्याला वास नाही, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

इंजिनला थंड ठेवतं ते तळ्याचंच पाणी. रबरी पंख्यांचा एक छोटा पंप ते ओढून घेतो. हे रबर पडून पडून कडक होतं, तेव्हा जुन्या बोटीत ते न विचारता बदलावं. आणि मिनेसोटासारख्या ठिकाणी हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी पूर्ण काढावं लागतं. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण नऊ टक्क्यांनी फुगतो, आणि बिडाचा ब्लॉक फुटतो. जुनी बोट घेताना ब्लॉकवर गंजाची बारीक उभी-आडवी रेघ दिसली, किंवा तेल दुधाळ दिसलं, तर कुणीतरी एखाद्या थंडीत हे काम विसरलं होतं असं समजावं.

मग येतं शाफ्टचं काम. इंजिन परत बसलं की त्याची आणि शाफ्टची तोंडं एकमेकांना समांतर आहेत का ते फीलर गेजने पाहायचं. फरक एका इंचाच्या हजार भागांपैकी तीन भागांच्या आत हवा. हे माप बोट ट्रेलरवर असताना घेऊन भागत नाही. पाण्यात उतरल्यावर कवच किंचित वेगळं बसतं, म्हणून शेवटचं माप तरंगत्या बोटीत घ्यायचं. आणि शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे ग्लँड दोरी भरलेली असते. आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या पंपाची ग्लँड ज्यांनी पाहिलीय त्यांना लगेच कळेल. ती पार कोरडी आवळायची नसते. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी यायला हवं, तेच तिला थंड ठेवतं. नवखा माणूस थेंब बघून घाबरतो आणि नट आवळतो, आणि शाफ्ट झिजतो. म्हणजे ही बोट थोडी गळते तेव्हाच धड असते.

हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, बाहेरचा जेलकोट. ६००च्या ओल्या पॉलिश पेपरपासून १५००पर्यंत घासत जायचं, मग कंपाउंड, मग मेण. बोट आरशासारखी होते. शेजारीपाजारी पाहायला येतात ते हेच पाहायला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वासे नवे, फोम नवा, जमीन नवी, इंजिनातलं बरंचसं नवं. बोट तीच का? कायद्याचं उत्तर सोपं आहे. १९७२च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत प्रत्येक बोटीच्या मागच्या भिंतीवर उजव्या बाजूला १२ अक्षर-अंकांची ओळख कोरलेली असते. ती तीच, तर बोट तीच. मिलिंद राजाला नागसेनांनी विचारलं होतं, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? यापैकी काहीच नाही, आणि यांच्यावेगळाही नाही. रथ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारं नाव आहे. त्या भिंतीवरची ओळख ही नागसेनांना पटली असती. उलट न्याय-वैशेषिकांचं म्हणणं असं की अवयवी हा अवयवांहून वेगळा, खरोखरचा असतो, आणि अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. त्यांच्या हिशोबाने प्रत्येक वाशागणिक नवी बोट.

आम्हाला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं घ्यावं लागतं. विकताना ती १९८५ची बोट आहे असं म्हणणं खोटं नाही. पण तेवढंच म्हणणं खरंही नाही. कारण याच नावाखाली दोन बोटी बाजारात उभ्या असतात. एकीचे वासे एकेक करून बदललेले. दुसरीत कुजलेल्या वाशांवर नवी फळी आणि त्यावर नवा गालिचा. फोटोत दोन्ही सारख्याच. वरून कीर्तन, आतून तमाशा. फरक कळतो तो कुणाची तरी पोर दोरी धरून पाण्यावर उभी असताना, खांबाला झटका बसतो तेव्हा.

म्हणून काम करणाऱ्याचं शेवटचं कर्तव्य गालिचा टाकण्याआधीचं आहे. उघड्या तळाचे, वाशांचे, प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवायचे. कोणतं लाकूड, कोणतं रेझिन, कोणत्या महिन्यात, ते वहीत लिहायचं. आणि बोट विकली तर वही बोटीबरोबर द्यायची. थीसियसच्या जहाजाबद्दल वाद झाला, कारण कोणती फळी कधी बदलली याची वही कुणी ठेवली असल्याचं प्लुटार्क सांगत नाही. आपण ती ठेवू शकतो. मग तीच बोट की दुसरी, या प्रश्नाचं उत्तर घेणाऱ्याने खुशाल आपल्या दर्शनाप्रमाणे द्यावं. त्याला फसवलं जाणार नाही.

आपल्या श्रोत्यांपैकी जे परदेशी आहेत आणि ज्यांच्या दारात अशी एखादी बोट ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांना एवढंच सांगणं. पैशाचा हिशोब मांडलात तर बहुधा तो जमणार नाही. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या पुढे जातो. तरी करावंसं वाटलं तर आतून बाहेर या. आधी वासा, मग इंजिन, मग शाफ्ट, आणि रंग सगळ्यात शेवटी. आज इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.